दप्तरी नोंद नसलेले दुखणे

हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत फैलावणाऱ्या गुप्तरोगांनी धास्तावलेल्या इंग्रज सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांसंबंधीचा जो कायदा जारी केला, त्यान्वये देहविक्रयावर गुजराण करणाऱ्या स्त्रियांना आपले नाव सरकारी पटावर चढवणे, नेमल्या मुदतीने वैद्यकीय तपासणीस हजर राहणे आणि रोग आढळल्यास तो बरा होईतो ‘लॉक हॉस्पिटल’ नामक बंदिस्त इस्पितळात पडून राहणे भाग पडले. आणि ज्या पुरुषांकडून हा रोग त्यांना जडत असे, त्या पुरुषांना मात्र या कायद्याने कोठेही हजर राहण्यास सांगितले नाही. पुष्कळ वादंगानंतर १८८८ साली तो कायदा रद्द झाला, परंतु त्यामागील दृष्टी मागे राहिली. या स्त्रीचे शरीर हा इतरांच्या आरोग्याला असलेला धोका आहे, म्हणून त्यावर नजर ठेवावी, आणि त्या शरीरात नांदणाऱ्या मनाशी मात्र राज्यसंस्थेला काही कर्तव्य नाही, ही ती दृष्टी होय. गेल्या दीडशे वर्षांत राज्यकर्ते पालटले, औषधे पालटली, कायद्यांची भाषाही मवाळ झाली. ही दृष्टी मात्र फारशी पालटलेली दिसत नाही.

१९८६ साली मद्रासमध्ये देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू या देशात प्रथम आढळला आणि १९९२ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, नागपूरची गंगा-जमुना आणि सांगलीचे गोकुळनगर या वस्त्यांकडे सरकारचे लक्ष पुन्हा एकदा वळले. हे लक्ष पूर्वीपेक्षा पुष्कळ शहाणे आणि पुष्कळ सहृदय होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पोलीस शिपायाच्या जागी वस्तीतलीच एखादी जाणती बाई ‘पिअर’ म्हणून घरोघर जाऊ लागली, निरोध मिळू लागले, गुप्तरोगांवर मोफत इलाज होऊ लागले, आणि या साऱ्याचा परिणाम म्हणून रोगाचा फैलाव खरोखरच ओसरला. देशात अशा स्त्रिया किती, याचा एड्स नियंत्रण संघटनेने काढलेला आणि वारंवार उद्धृत होणारा अंदाज ८ लाख ६८ हजारांचा आहे. इतक्या मोठ्या समूहापर्यंत सरकारी यंत्रणेचा हात पोचला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या हाताने धरलेली वही उघडून पाहिली, तर तीत मुख्यतः रक्ताचा निकाल आणि वाटलेल्या निरोधांची संख्या सापडेल. बाईला झोप लागते की नाही, गेल्या महिन्यात तिला कोणी मारले काय, जीव नकोसा होतो काय, या प्रश्नांना जागा मिळालीच तर ती समासात. जो रोग तिच्याकडून गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाइकाकडून त्याच्या घरच्यांना लागू शकतो, त्याची चिंता सर्वांना पडली. जे दुखणे तिचे तिलाच भोगावयाचे आहे, त्याची दप्तरी नोंद करण्याची निकड कोणास भासली नाही.

या अनास्थेच्या मुळाशी परस्परविरुद्ध भासणारे दोन समज आहेत. ही बाई निर्ढावलेली असते, तिला कसले आले मन, असा एक समज बाजारात बोलला जातो. आणि ही बिचारी इतकी भ्रष्ट, इतकी उद्ध्वस्त असते की तिला तेथून उचलून नेण्यापलीकडे तिच्यासाठी काही करण्यासारखे उरलेलेच नसते, असा दुसरा समज सज्जनांच्या सभांतून ऐकू येतो. पहिल्यात तिरस्कार आहे आणि दुसऱ्यात दया आहे. परंतु तिच्या दुःखाची कारणे बारकाईने तपासण्याच्या कष्टातून दोहोंनीही स्वतःची सुटका करून घेतली आहे. आमचे म्हणणे असे की, या स्त्रियांच्या मनावर जो ताण असतो, त्याचा फार मोठा भाग त्यांना ज्या परिस्थितीत काम करावे लागते त्या परिस्थितीतून येतो. त्या परिस्थितीचे घटक मोजता येतात, त्यांतले कित्येक दूरही करता येतात. आणि म्हणून हा प्रश्न पापपुण्याच्या निवाड्यासाठी तहकूब न ठेवता गिरणीतल्या धुळीसारखा किंवा खाणीतल्या वायूसारखा, कामाच्या जागेवरील आरोग्याचा प्रश्न म्हणून हाताळला पाहिजे.

त्या परिस्थितीतला पहिला घटक कर्ज हा आहे. फसवून आणलेल्या मुलीच्या बाबतीत तिच्या खरेदीची रक्कमच तिच्या नावावर चढवली जाते आणि ती फिटेपर्यंत तिच्या हाती कमाई पडत नाही; ती कशी फिटते आहे याचा हिशेब ठेवणारी, कुंटणखाना चालवणारी घरवालीच असल्यामुळे तो हिशेब लवकर मिटावा अशी इच्छा कोणाचीच नसते. पुढे ती ‘अधिया’वर आली, म्हणजे निम्मी कमाई घरवालीची आणि निम्मी आपली या कराराने राहू लागली, तरी खोलीचे भाडे, जेवण, दलालाचा वाटा आणि वस्तीतला हप्ता भागवून जे उरते, ते गावाकडे पाठवलेल्या पैशात संपून जाते. आजार, बाळंतपण, भावाबहिणीचे लग्न असे काही निघाले की पुन्हा सावकार, आणि तोही जबर व्याजाचा, कारण जिच्यापाशी पत्त्याचा दाखला नाही आणि व्यवसाय कोणता हे जिला सांगता येत नाही, तिला बँक दारात उभी करीत नाही. कर्जाने शेतकऱ्याच्या मनाची काय अवस्था होते, हे महाराष्ट्राला गेल्या तीस वर्षांत नीट समजले आहे. तेच कर्ज या बाईच्या उशाशी असते, परंतु तिच्यासाठी कोणी समिती नेमलेली नाही.

दुसरा घटक भय. एका अनोळखी पुरुषाबरोबर पडद्याआड किंवा लॉजच्या खोलीत जाण्यापूर्वी तो प्यालेला आहे काय, त्याच्याजवळ हत्यार आहे काय, पैसे देईल की बुडवील, बाहेर आणखी कोणी दबा धरून बसले आहे काय, याचा अदमास तिला काही क्षणांत बांधावा लागतो, आणि एका रात्रीत तो अनेकदा बांधावा लागतो. निरोध वापरण्याचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीकडे वळते, न धरला तर रोगाची भीती. चार पैसे अधिक घेऊन ती भीती पत्करावी की उपास पत्करावा, हा निर्णयही तिनेच घ्यावयाचा. गिऱ्हाइकाच्या संगतीला दारू घेणे हा पुष्कळ ठिकाणी धंद्याचाच भाग होऊन बसतो, आणि जी दारू आरंभी कामासाठी घेतली जाते तीच पुढे झोपेसाठी घ्यावी लागते. सतत सावध राहिलेले मन दिवस उजाडल्यावरही सैल होत नाही. डोके जड होणे, छातीत धडधडणे, अंग दुखणे, अन्न न जाणे, लहानशा आवाजाने दचकणे, ही लक्षणे घेऊन ती जवळच्या डॉक्टरकडे जाते, तो तिला अशक्तपणाचे इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळी देतो, आणि ज्या आजाराचे नाव नैराश्य किंवा चिंताविकार असे असावयास हवे तो ‘कमजोरी’ म्हणून वर्षानुवर्षे अंगात मुरतो.

तिसरा घटक, आणि कदाचित सर्वांत अधिक टाळता येण्याजोगा, खुद्द कायद्याने निर्माण केला आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा १९५६चा कायदा प्रौढ स्त्रीच्या देहविक्रयाला स्वतंत्र गुन्हा ठरवीत नाही. परंतु त्याच्या भोवतालची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याने गुन्हा ठरवली आहे. गिऱ्हाइकाला खुणावले तर आठवे कलम, देऊळ, शाळा किंवा इस्पितळ यांपासून दोनशे मीटरच्या आत धंदा केला तर सातवे कलम, दोघी-चौघींनी मिळून सुरक्षिततेसाठी एक घर चालवले तर कुंटणखान्याचे तिसरे कलम. ‘रेड’ पडते तेव्हा तिची गणना पीडित म्हणून होणार की आरोपी म्हणून, हे त्या दिवशीच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. आणि पीडित ठरली तरी दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याची तरतूद सतराव्या कलमात आहेच. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने अशाच रीतीने ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींची मुक्तता करताना, या कायद्याचा हेतू देहविक्रयाचा समूळ उच्छेद करणे हा नसून सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. पण निकालपत्र न्यायालयात राहते आणि वस्तीत राहते ती जिन्यावर वाजणाऱ्या बुटांची धास्ती. ज्या पोलिसाकडे मारहाणीची फिर्याद न्यावयाची, त्याच पोलिसापासून लपावयाचे, अशा स्थितीत कोणाचेही मन ठिकाणावर राहणार नाही.

याच कायद्याचे चौथे कलम आईपणाच्या वाटेत आडवे येते. अठरा वर्षांवरील जो कोणी इसम दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जाणूनबुजून, पूर्णतः वा अंशतः जगतो, तो दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र होतो, असे हे कलम सांगते. त्याचा रोख दलालावर असावा हे उघड आहे. परंतु शब्दशः वाचले तर आईच्या पैशावर महाविद्यालयात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि मुलीने पाठवलेल्या पैशावर औषध घेणारा म्हातारा बापही त्यात सापडतात. या स्त्रियांपैकी फार मोठ्या संख्येच्या आयुष्याला जी एकमेव सार्थकता वाटते, ती मुलाबाळांना शिकवण्याची आणि घर पोसण्याची. त्याच सार्थकतेवर कायद्याची छाया पडलेली आहे. शिवाय गावी ‘कंपनीत नोकरी’ किंवा ‘घरकाम’ सांगितलेले असते, मुले वसतिगृहात किंवा मावशीकडे ठेवलेली असतात, सणाला गेले तर प्रत्येक बोलणे जपून बोलावे लागते. दोन आयुष्ये एकमेकांना कळू न देता जगण्याचा हा खटाटोप कितीही वर्षे केला तरी अंगवळणी पडत नाही. मुलगा मोठा होऊन शहरात येऊ लागला की त्या आईची झोप उडते, आणि ती का उडाली हे सांगण्याजोगे माणूस तिला सापडत नाही. ‘मालक’ म्हणून जो एक पुरुष तिने आपला मानलेला असतो, ज्याच्या नावाचे मंगळसूत्र ती घालते, तोही पुष्कळदा तिच्या कमाईचा पहिला वाटेकरी आणि हात उगारणारा पहिला असतो.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, मूळ व्यवसायच मनुष्यत्वाची विटंबना करणारा असताना त्यातील ताण हलका करण्याची भाषा म्हणजे जखमेवर अत्तर शिंपडण्यासारखे आहे. वस्त्या उठवा, म्हणजे दुखणेही संपेल. वस्त्या उठवून काय साधते, याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. गोव्यात वास्कोजवळील बायणा येथील वस्ती २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जमीनदोस्त करण्यात आली. नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीची २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी नाकेबंदी केली. अशा वेळी धंदा संपत नाही. तो लॉजमध्ये, महामार्गाच्या कडेला, भाड्याच्या खोलीत आणि मोबाइलच्या पडद्यावर पांगतो. कामाठीपुऱ्यातही जमिनीचे भाव चढत गेले तसतशा बायका दूरच्या उपनगरांकडे सरकत गेल्या. वस्तीत हजार दोष असले तरी तेथे शेजारीण असते, किंकाळी ऐकणारे कोणी असते, दवाखाना आणि पिअर माहीत असते. पांगलेली बाई गिऱ्हाइकापुढे आणि आपल्या दुखण्यापुढे सर्वस्वी एकटी पडते. अज्ञान मुलींना या व्यापारात ढकलणाऱ्यांना कठोरातील कठोर शासन व्हावे आणि त्या मुलींची तत्काळ सुटका व्हावी, याविषयी दुमत असण्याचे कारणच नाही; प्रश्न आहे तो सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ‘सोडवून’ कोंडण्याचा, आणि अशा सोडवणुकीने तिच्या मनावर आणखी एक घाव घालण्याचा.

उलट पक्षी, देहविक्रय हे इतर कोणत्याही कामासारखेच एक काम आहे, एवढे म्हणून मोकळे होणाऱ्यांचेही समाधान आम्हांस पुरते वाटत नाही. ज्या कामात मारहाणीची शक्यता रोजची, बदनामी जन्माची आणि उतारवयाची तरतूद शून्य, ते काम इतर कामांसारखे नाही. बहुतेक स्त्रिया त्यात दारिद्र्य, परित्याग, जातीची उतरंड आणि देवदासीसारख्या प्रथांच्या दाबाखाली येतात. पण एखादे काम विशेष धोक्याचे आहे हे मान्य केले, तर करणाऱ्याचे रक्षण विशेष काळजीने केले पाहिजे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

ते रक्षण कसे होऊ शकते, याचे दाखले आपल्या आसपासच आहेत. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या आधाराने या स्त्रियांनी १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभारली. पोलीस ठाण्यात एकटी गेलेली बाई आणि दहा जणींसह गेलेली बाई यांना मिळणाऱ्या वागणुकीतला फरक ज्याने पाहिला असेल, त्याला संघटना हेही एक औषध आहे हे निराळे सांगावे लागणार नाही. कलकत्त्याच्या सोनागाछीतील स्त्रियांनी १९९५ साली ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था काढून सावकाराच्या पाशातून सुटण्याची वाट शोधली. आणि गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने असे दाखवून दिले आहे की, नैराश्यावरील संभाषणात्मक उपचार देण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. नीट शिकवलेली, देखरेखीखाली काम करणारी स्थानिक माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात तो देऊ शकतात आणि त्याचा गुण येतो. ज्या देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, त्या देशाला ही वाट धरल्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा नवी इमारत, नवे महामंडळ किंवा नवा आयोग यांची मागणी आम्ही करीत नाही. पिअर बायका आहेत, वस्तीजवळचे दवाखाने आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदोपत्री आहे. यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी, एवढीच विनंती आहे. पिअरला रक्ततपासणीची तारीख सांगता येते, तसे नैराश्य ओळखून पहिला धीर देण्याचे शिक्षण द्यावे आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. दवाखान्याची वेळ दुपारची ठेवावी, कारण रात्रभर जागलेली बाई सकाळी नऊला रांगेत उभी राहू शकत नाही. समुपदेशन कन्नड, तेलुगू, बंगाली आणि नेपाळीतही व्हावे, कारण वस्तीतल्या कितीतरी जणींचे दुःख मराठीत किंवा हिंदीत बोललेच जात नाही. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकाची माहिती निरोधाच्या पाकिटाइतकीच सहज तिच्या हाती पडावी. कोविडच्या टाळेबंदीत कमाई बुडाली तेव्हा महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, आणि शाळकरी मुले असणाऱ्यांना २,५०० रुपये अधिक, देण्याचे ठरवले होते. इच्छा असली म्हणजे या स्त्रिया सरकारला सापडतात, हे त्यावरून सिद्ध झालेच आहे.

कायद्याचे पाठबळही आता कमी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक व्यक्तीला भेदभावाविना उपचार मिळण्याचा हक्क दिला. इतकेच नव्हे, तर समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक मूल्यांशी कोणाचे वर्तन जुळत नाही एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरवू नये, असेही तिसऱ्या कलमात बजावले. कलकत्त्यात १९९९ साली झालेल्या एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या खुनाच्या खटल्यात, आरोपीचे अपील २०११ मध्ये फेटाळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो विषय तेथेच न संपवता या सर्व स्त्रियांच्या पुनर्वसनाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, आणि १९ मे २०२२ रोजी हुकूम दिला की, संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांनाही आहे. पोलिसांनी त्यांच्याशी सभ्यतेने वागावे, अत्याचार झाल्यास त्यांना तत्काळ वैद्यकीय मदत मिळावी, निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना मुदतीत सोडण्याची तजवीज करावी. या हुकुमातली प्रत्येक बाब मानसिक आरोग्याची बाब आहे. त्याची अंमलबजावणी ज्या जिल्ह्यात प्रामाणिकपणे होईल, त्या जिल्ह्यात गोळ्यांवाचूनही काही झोपा परत येतील.

तेव्हा प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाने आणि जिल्हा शल्यचिकित्सकाने वर्षातून एकदा एवढाच जाहीर खुलासा करावा, की या हुकुमातील कोणत्या कलमाचे आपण काय केले आणि मनाच्या दुखण्यासाठी आलेल्या किती जणींना उपचार मिळाले. आणि तो खुलासा मागण्याचे काम वृत्तपत्रांनी, लोकप्रतिनिधींनी आणि आपण वाचकांनी करावे. या स्त्रियांच्या रक्ताचा हिशेब आपण इतकी वर्षे आपल्या स्वतःच्या भीतीपोटी ठेवला. त्यांच्या मनाचा हिशेब ठेवण्यात आपला तसा काही फायदा नाही, आणि म्हणूनच तो ठेवतो की नाही यावरून, नागरिक हा शब्द आपण सर्वांसाठी वापरतो की काही जणांपुरता, हे ठरणार आहे.